कॅमेरा टेकडीवर, माणसं बर्डीवर

नागपूरच्या सीताबर्डीचे, म्हणजे आमच्या बर्डीचे, जुने फोटो पाहायला बसलं की एक गोष्ट लगेच खटकते. त्यांत टेकडी असते, टेकडीवरची तटबंदी असते, स्टेशन असतं, चर्च असतं, साहेबाचा बंगला आणि बंगल्यापुढची हिरवळही असते. बर्डी मात्र नसते. व्हरायटी चौकातून निघून लोहापुलापाशी संपणारा, दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाय ठेवायला जागा नसलेला तो मेन रोड या फोटोंत शोधून काढावा लागतो. कुठे तो खालच्या कोपऱ्यात धुळीचा एक फिकट पट्टा होऊन सापडतो, तर कुठे झाडांच्या मागे कौलांची रांग होऊन.

असं का, हे समजायचं तर फोटोत काय आहे यापेक्षा कॅमेरा कुठे उभा होता ते बघावं लागतं. नागपूरच्या बाबतीत कॅमेरा बराच काळ टेकडीवर किंवा टेकडीच्या पलीकडे उभा होता. आणि ती जागा त्याला एका लढाईने मिळवून दिली होती.

26 नोव्हेंबर 1817 ची संध्याकाळ. नागपूरची गादी अप्पासाहेब भोसल्यांकडे होती. पुण्याहून पेशव्यांनी पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रं त्यांनी दोनच दिवसांपूर्वी भर दरबारात स्वीकारली होती. पेशवे तेव्हा इंग्रजांशी उघड लढत होते, त्यामुळे त्या वस्त्रांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याची रेसिडेन्सी सीताबर्डीच्या पश्चिमेला होती आणि शहर पूर्वेला. मध्ये दोन टेकड्या, एक मोठी आणि एक लहान. जेन्किन्सने आपली फौज टेकड्यांवर चढवली. फौज जेमतेम तेराचौदाशेंची. समोर भोसल्यांचं सैन्य त्याच्या कितीतरी पट, त्यात हजारो अरब. टेकडीच्या पायथ्याशी झोपड्यांची वस्ती होती. अरबांनी तिचाच आडोसा घेतला आणि रात्रभर गोळीबार चालू ठेवला.

सकाळी त्यांनी लहान टेकडी घेतली. तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. रेसिडेन्सीच्या आवारात कॅप्टन फिट्झगेराल्ड बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन थांबला होता. त्याला चढाईची परवानगी मिळेना, तेव्हा त्याने स्वतःच्या जबाबदारीवर घोडे सोडले आणि समोरच्या तोफा घेतल्या. त्याच सुमारास लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, अरबांची फळी विस्कटली, आणि इंग्रजांच्या शिपायांनी टेकडी परत मिळवली. 27 तारखेच्या दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेहून जास्त होते. त्यांच्या एवढ्या लहान फौजेत हा आकडा फार मोठा आहे. अप्पासाहेब पुढच्या वर्षी कैद झाले, वाटेत निसटले, आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले.

रेडिमेड कपड्यांची, चपलांची आणि मोबाइलच्या कव्हरांची आजची बर्डी आहे, तिथे त्या झोपड्यांची वस्ती होती. लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर पक्का किल्ला बांधला. तो बाहेरच्या शत्रूसाठी नव्हता. त्याच्या तोफांचा रोख शहराकडे होता, आणि 1857 मध्ये त्याचा उपयोगही तसाच झाला. त्या वर्षीच्या जूनमध्ये नागपूरच्या घोडदळातल्या शिपायांचा उठावाचा बेत आधीच फुटला. कटातल्या लोकांना फाशी झाली. नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांच्या कबरी आजही किल्ल्यात दाखवतात. 1817 मध्ये पडलेल्या इंग्रजांच्या कबरीही तिथेच आहेत.

इकडे भोसल्यांचं राज्य 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर खालसा झालं. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी. हीच ती वर्षं, जेव्हा हिंदुस्थानात कॅमेरा हौशी साहेबांच्या आणि सरकारी खात्यांच्या हातात आला होता. नव्या राजधानीत त्याला टिपण्यासारखं काय वाटलं असेल, याचा अंदाज अवघड नाही. आपण काय जिंकलं आणि आपण काय बांधलं, तेच.

आणि बाजार टिपायचं मनात आलं असतं तरी त्या काळच्या तंत्राने ते होऊ दिलं नसतं. काच जागेवरच रसायनात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि झाकण काढून काही सेकंद उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात जो हलला तो काचेवर उमटत नसे, उमटला तर धुरासारखा. म्हणून त्या काळातले भरबाजाराचे फोटोही ओसाड दिसतात. दिसतो तो खुंटीला बांधलेला बैल, ओट्यावर बसून राहिलेला दुकानदार, भिंतीला टेकून झोपलेला कोणी. डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई त्या रस्त्यावर होती, पण तिला थांबायला सवड नव्हती. जुन्या फोटोंवरून एखाद्या रस्त्याच्या वर्दळीचा अंदाज बांधताना हे विसरलं की मोठी गल्लत होते. ‘तेव्हा किती शांत होतं हो सगळं’ असं आपण हळहळत म्हणतो. शांत काही नव्हतं. गजबज काचेला पकडता आली नाही, इतकंच.

1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि बर्डीच्या रस्त्याला त्याचं आजचं रूप मिळायला लागलं. रुळांची रेघ टेकडी आणि जुनं शहर यांच्या मधून गेली. पूर्वेला भोसल्यांचा महाल, जुम्मा तलाव, जुम्मा दरवाजा. पश्चिमेला टेकडी, कचेऱ्या, सिव्हिल लाइन्स. शहरातून इकडे यायचं तर रूळ ओलांडावे लागणार, आणि ओलांडण्याच्या जागा मोजक्या. त्यांतली एक लोहापूल. आगगाडी वरून, माणसं आणि गाड्या खालून. पुलाच्या पलीकडे कॉटन मार्केट, अलीकडे बर्डी. आजही शहराकडून येणारी ऑटो लोहापुलाखालून बाहेर पडली की आतली सवारी पिशवी सावरून बसते, कारण बर्डी आली.

कापूस वर्धेच्या खोऱ्यातून बैलगाड्यांनी यायचा. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाच्या काठी गिरणी बांधली ती याच कापसासाठी. 1 जानेवारी 1877 ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. मुंबई सोडून टाटा इतक्या आत का आले, याचं तेव्हाच्या मुंबईला नवल वाटलं होतं. कापूस इथे, कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी, असा त्यांचा हिशेब होता. तो पुढे अनेक दशकं बरोबर ठरला. गिरण्यांत काम करणारे हजारो लोक पगाराच्या दिवशी कुठे जात? शहरातल्या इतवारीत आणि इकडे बर्डीवर. मेन रोडच्या दुकानदारीला पाया या पगाराने दिला असं माझं मत आहे, साहेबांच्या खरेदीने नव्हे. साहेबाचं सामान मुंबई-कलकत्त्याहून यायचं. 1901 च्या शिरगणतीत नागपूरची वस्ती सव्वा लाखाच्या पुढे होती, आणि एवढ्या शहराला लागणारं धोतर, लुगडं, कंदील, छत्री हे सगळं कोणीतरी विकत होतंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिक्चर पोस्टकार्डांची लाट आली. मोठ्या शहरांची, छावण्यांची, राजधान्यांची रंगवलेली कार्डं इंग्रज माणसं घरी पाठवत. तिथेही बाजारापेक्षा किल्ला, तळं आणि सरकारी इमारत यांनाच मागणी. दिल्ली दरबाराच्या 1911-12 च्या दौऱ्यात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी नागपूरला आले, त्यांनी सीताबर्डीच्या किल्ल्यावरून लोकांना दर्शन दिलं. तो प्रसंग नोंदवणारा स्तंभ किल्ल्यात अजून उभा आहे. सम्राट वर, प्रजा खाली पायथ्याशी. या एका दृश्यात बर्डीच्या जुन्या फोटोंची सगळी रचना आली.

ही रचना पहिल्यांदा उलटली ती 1923 मध्ये. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला नागपुरात बंदी होती. जुन्या शहरात झेंडा चालेल, गोऱ्या वस्तीत नाही. 13 एप्रिलनंतर सुरू झालेला झेंडा सत्याग्रह 18 ऑगस्टपर्यंत चालला. आधी जमनालाल बजाज आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी त्याचं नेतृत्व केलं. देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक रेल्वेने येत, झेंडा घेऊन निघत आणि तुरुंगात जात. दीड हजाराहून जास्त लोक पकडले गेले. अखेर मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. मी या घटनेकडे रस्त्याची घटना म्हणून पाहतो. रुळांनी आणि टेकडीने जे दोन भाग वेगळे ठेवले होते, त्यांच्या मधल्या वाटेवरून कोणी काय हातात घेऊन चालायचं, हाच तर भांडणाचा मुद्दा होता.

त्यानंतरचे फोटो पाहायला घेतले की हळूहळू माणसं दिसू लागतात. कॅमेरा लहान झाला, फिल्म आली, स्टुडिओ आले. घरोघरच्या ट्रंकांत, पत्रिकांच्या आणि एलआयसीच्या पावत्यांच्या खाली हे फोटो पडलेले असतात. नागपूरच्या जुन्या फोटोंबद्दल एक सांगावंसं वाटतं: ते उलटून पाहा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि शिक्क्यात गावापुढे प्रांत. स्वातंत्र्याच्या वेळी बर्डीवरचं दुकान सी. पी. अँड बेरारमध्ये होतं. 1950 मध्ये ते मध्य प्रदेशात गेलं. 1956 च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. दुकान होतं तिथेच, गल्लाही तोच, आणि तेरा वर्षांत मालकाला पत्त्यात चार राज्यं लिहावी लागली. यातल्या एका बदलात नागपूरची राजधानी गेली. ती सल या शहरात अजून आहे, आणि तारीख नसलेला एखादा फोटो कधीचा हे ठरवायला तोच शिक्का आज उपयोगी पडतो.

शिक्का नसेल तर पाट्या वाचाव्यात. इंग्रजी पाटी वर आणि देवनागरी खाली, की उलट? टेलिफोन नंबर किती आकड्यांचा? रस्त्यात टांगे जास्त की सायकलरिक्षा? टोप्या किती आणि उघडी डोकी किती? सिनेमाचं पोस्टर दिसलं तर काम सोपं होतं. बर्डीने सिनेमांना नुसती जागा दिली नाही, आपले चौकही त्यांच्या नावाने ओळखायला दिले: व्हरायटी, पंचशील, आनंद टॉकीज. टॉकीजचं काहीही होवो, ऑटोवाल्याला पत्ता तोच सांगावा लागतो.

आमच्या घरी साठच्या दशकातला एक फोटो आहे. आग्फा क्लिकचा, चौकोनी, पांढऱ्या काठाचा. त्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, म्हणून बटण दाबण्याआधी घरात चर्चा व्हायची. फोटोत दोन बायका उभ्या आहेत, दोघींच्या हातांत कापडी पिशव्या, एकीच्या पदराला धरून एक मुलगा. मागे पत्र्याची पाटी अर्धी कापली गेलेली. पाटीखाली जमिनीवर पोतं पसरून एक माणूस बसलाय, समोर कंगवे, आरसे, रिबिनी. आणि चित्राच्या उजव्या कडेला एक सायकलस्वार, चाकं पुसट, चेहरा पुसट, पण आहे. त्या बायका कोण हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कंगवेवाला कोण, हे कोणीही कधी विचारलं नाही. तो तिथे होता म्हणून आला. मला मात्र तो फोटो त्याच्यासाठी मोलाचा वाटतो, कारण मेन रोडचं खरं चित्र त्याच्या पोत्यावर आहे. पाटीचं दुकान आणि पाटीखालचं पोतं, ही जोडी बर्डीवर तेव्हाही होती.

1956 च्या ऑक्टोबरात मात्र बर्डीवर जे घडलं, त्याला तोड नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 11 तारखेला नागपुरात आले आणि बर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. बरोबर पत्नी माईसाहेब आणि सहायक नानकचंद रत्तू. तब्येत खालावलेली होती, काठीचा आणि माणसांचा आधार घ्यावा लागत होता. 13 तारखेला संध्याकाळी त्याच हॉटेलात त्यांनी पत्रकारांना भेटून आपला धम्म कोणता आणि का, हे सांगितलं. 14 ला, विजयादशमीच्या सकाळी, भन्ते चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली.

दीक्षाभूमीवरचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पांढऱ्या कपड्यांतला तो अथांग समुदाय पाठ्यपुस्तकांतही आहे. पण हे लोक आधी स्टेशनावर उतरले होते, चालत आले होते, आणि बाबासाहेब कुठे उतरलेत हे कळल्यावर बर्डीकडे वळले होते. ज्या रस्त्यावर त्यांच्यातल्या अनेकांच्या आज्यापणज्यांनी दुकानाच्या ओट्याखाली उभं राहून लांबूनच माल घेतला असेल, त्या रस्त्यावर ते पांढरे कपडे घालून आले, एका हॉटेलच्या खिडकीकडे मान वर करून उभे राहिले. वर बसलेला माणूस या वेळी सम्राट नव्हता, त्यांचाच होता. दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. बर्डीचा एकच फोटो निवडायला सांगितला, तर मी त्या आठवड्यातल्या हॉटेलसमोरच्या रस्त्याचा निवडेन, मग तो कितीही अंधुक असो.

राजधानी गेली तरी महाराष्ट्र होण्याआधी झालेल्या करारानुसार विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला राहिलं, आणि त्याबरोबर मोर्चे. मोर्चा निघतो, बर्डीच्या आसपास येतो, आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांच्या कठड्यापाशी अडतो. पलीकडे विधानभवन. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडवलेला होता. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा ही मागणी. लोक सकाळपासून उपाशीतापाशी बसलेले, बायका, लेकरं बरोबर. संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलेल्या फोटोंत रस्त्यावर पडलेल्या चपलांचा खच होता. बर्डीवरच्या उड्डाणपुलाला पुढे आदिवासी गोवारी शहिदांचं नाव दिलं, झिरो माइलजवळ स्मारक झालं. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या तरुण मुलांना त्या नावामागचं काय ठाऊक असतं, हे मी अनेकदा विचारून पाहिलं आहे. उत्तरं फार थोड्यांकडे होती, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बर्डीच्या मुंजे चौकात मेट्रोचं स्टेशन उभं आहे. मार्च 2019 मध्ये वर्धा रोडची मार्गिका इथपर्यंत आली, जानेवारी 2020 मध्ये लोकमान्य नगरची, आणि दोन्ही मार्गिका इथे एकमेकींना छेदतात. वरच्या फलाटावरून टेकडी जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर दिसते. दोनशे वर्षं ज्या उंचीवर फक्त किल्ला होता, तिथून आता तिकीट काढलेला कोणीही खाली बघू शकतो. मोबाइलवर फोटो काढणारी मुलं तिथे रोज असतात. किल्ला अजून लष्कराकडे आहे. सर्वसामान्यांसाठी तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतो, आणि त्या दिवशी घरंच्या घरं डबे घेऊन वर चढतात.

खाली रस्त्यावर ‘घ्या ना वो ताई, पाहून तं घ्या’ चालूच आहे. दुकानदार आणि फेरीवाले यांचं भांडण वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गाजतंय. कारवाई होते, रस्ता दोन दिवस मोकळा दिसतो, पुन्हा भरतो. 2014 च्या कायद्याने फेरीवाल्यांना हक्क दिले, त्यांच्या जागा ठरवायची जबाबदारी महापालिकेवर टाकली. कायद्याची बाजू न्यायालय बघेल. मला इतिहासाची बाजू दिसते. दुकानदारांकडे आजोबांनी दुकान उघडलं त्या दिवशीचा हार घातलेला फोटो काचेत लावलेला असतो. तीन पिढ्या त्याच दुकानापुढे बसणाऱ्या फेरीवाल्याचा फोटो निघतो तो अतिक्रमण हटवताना, हातगाडी उचलली जात असताना. वर्तमानपत्रात त्याखाली त्याचं नाव नसतं. नागपूरच्या कोणत्याही ग्रंथालयाने, कॉलेजने किंवा वस्तुसंग्रहालयाने बर्डीचे फोटो गोळा करायचं मनावर घेतलं, तर त्यांनी सुरुवात इथून करावी: मेन रोडच्या दोन्ही बाजूंनी चालत जावं, पोत्यावर, गाडीवर, टोपलीमागे बसलेल्या प्रत्येकाला त्याच्या मालासकट टिपावं, त्याचं नाव, गाव आणि किती वर्षांपासून बसतो ते विचारून फोटोच्या मागे लिहावं, आणि एक प्रत त्याला द्यावी.